मलतपासणीत चांगले जिवाणू कमी निघाले, म्हणून मुलाचे दूध आणि गहू बंद करावेत का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मी नेमके कशाला उत्तर देत आहे हे इतर वाचकांनाही समजेल. तुमचा मुलगा १४ महिन्यांचा आहे. त्याचा जन्म सिझेरियनने झाला आणि जंतुसंसर्गाच्या शंकेमुळे पहिले पाच दिवस त्याला प्रतिजैविके द्यावी लागली. चौथ्या महिन्यापासून त्याच्या गालांवर आणि हातापायांवर इसब आहे. नवव्या महिन्यात प्रथमच अंडे भरवले तेव्हा दहा-पंधरा मिनिटांत तोंडाभोवती आणि पोटावर गांधी उठल्या आणि एक मोठी उलटी झाली. पुढे कोणाच्या तरी सल्ल्यावरून केलेल्या मलतपासणीत ‘हितकारक जिवाणू कमी’ असा अहवाल आला. त्या अहवालावरून सहा महिने प्रोबायोटिक (हितकारक जिवाणू असलेले उत्पादन) द्या आणि दूध, गहू व शेंगदाणे पूर्ण बंद करा, असे तुम्हाला सांगण्यात आले आहे. हे तिन्ही पदार्थ तो आजवर विनातक्रार खात आला आहे. जिवाणू बिघडल्यामुळेच ॲलर्जी झाली का, ते सुधारले तर ती जाईल का, आणि दुसऱ्या बाळाच्या वेळी हे टाळता येईल का, असे तुम्ही विचारले आहे.

यातले तातडीचे उत्तर आधी देते, कारण बाकीचे सावकाश वाचता येईल. जे पदार्थ मूल आज खात आहे आणि ज्यांनी त्याला काहीही होत नाही, ते केवळ मलतपासणीच्या अहवालावरून बंद करू नका. बंद केले असतील आणि त्याला दोन आठवड्यांहून अधिक काळ लोटला असेल, तर घरच्या घरी पुन्हा सुरू करण्याआधी तुमच्या बालरोगतज्ज्ञांशी किंवा ॲलर्जीतज्ज्ञांशी बोला. अंडे मात्र तूर्त बंदच असू द्या.

मी गेली अनेक वर्षे लहान मुलांच्या ॲलर्जीवर उपचार करते, पण तुमच्या मुलाला मी पाहिलेले नाही. त्याच्या इसबाची तीव्रता, त्याचे वजन कसे वाढत आहे, त्वचेवरील चाचणीत किंवा रक्तातील आयजीईच्या (ॲलर्जी घडवणाऱ्या प्रतिपिंडाच्या) तपासणीत काय आले, घरात आणखी कोणाला दमा किंवा ॲलर्जी आहे का, यांवर बरेच काही अवलंबून असते. त्यामुळे पुढील विवेचन तुमच्या मुलासाठीची चिठ्ठी नाही. एखादा डॉक्टर अशा मुलाचा विचार कसा करतो, एवढेच त्यातून समजून घ्यावे.

जिवाणूंचा ॲलर्जीशी संबंध आहे का? आहे, आणि तो पोकळ नाही. बाळ जन्मते तेव्हा त्याच्या रोगप्रतिकार यंत्रणेकडे हत्यारे असतात, पण ती कोणावर उगारायची आणि कोणावर नाही याची समज तिला पुरेशी नसते. आतड्यात रोज परके पदार्थ येतात. अन्नातील प्रथिने परकीच असतात, पण त्यांच्यावर हल्ला करायचा नसतो. हा संयम शिकवण्याचे काम नियामक टी-पेशी करतात, आणि या पेशींची वाढ आतड्यातील जिवाणूंनी सोडलेल्या रसायनांवर काही अंशी अवलंबून असते. तंतुमय पदार्थ आंबवून काही जिवाणू ब्युटिरेटसारखी लहान साखळीची मेदाम्ले तयार करतात. ब्युटिरेटमुळे अशा नियामक पेशींची निर्मिती वाढते, असे २०१३ मध्ये एकाहून अधिक संशोधक गटांनी उंदरांमध्ये दाखवून दिले. हेच ब्युटिरेट आतड्याच्या अस्तरातील पेशींचे इंधनही आहे. अस्तर धडधाकट असेल, तर अर्धवट पचलेली प्रथिने रक्तात शिरण्याचे प्रमाण कमी राहते.

आईच्या दुधाची रचना पाहिली तर निसर्गाने या जिवाणूंना किती महत्त्व दिले आहे ते कळते. त्या दुधातील घन घटकांमध्ये दुग्धशर्करा आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल काही जटिल शर्करांचा क्रमांक लागतो, आणि त्या बाळाला स्वतःला पचवताच येत नाहीत. त्या असतात बिफिडोबॅक्टेरियम या कुळातील जिवाणूंसाठी. म्हणजे आई बाळाला पाजते तेव्हा बाळाच्या आतड्यातील जिवाणूंचेही पोषण करत असते. विद्यार्थ्यांना हा विषय शिकवताना मी नेहमी इथूनच सुरुवात करते, कारण जिवाणू म्हणजे मारून टाकायची घाण ही समजूत या एका माहितीने विरघळते.

माणसांवरील अभ्यासांची साखळीही मोठी आहे. डेव्हिड स्ट्राचन या ब्रिटिश संशोधकांनी १९८९ मध्ये, १९५८ साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या १७ हजारांहून अधिक ब्रिटिश मुलांच्या माहितीवरून असे मांडले की, घरात जितकी मोठी भावंडे अधिक, तितके परागकणांच्या ॲलर्जीचे प्रमाण कमी. लहानपणी होणारे संसर्ग ॲलर्जीपासून वाचवत असावेत, असा त्यांचा तर्क होता. पुढे तो तर्क बदलत गेला. ग्रॅहम रूक या संशोधकांनी २००३ मध्ये सुचवले की, खरे महत्त्व गोवर-सर्दीसारख्या आजारांना नाही. माणसाच्या सोबत लाखो वर्षे राहिलेल्या निरुपद्रवी सूक्ष्मजीवांचा सहवास तुटला, हे त्यांना अधिक महत्त्वाचे वाटले. हा फरक मी पालकांना आवर्जून सांगते, कारण पहिल्या तर्काचा चुकीचा अर्थ लावून कोणी लसीकरण टाळते, तर कोणी हात धुणे सोडते. ॲलर्जी टाळण्यासाठी मुलाने आजारी पडण्याची काहीही गरज नाही.

२०१६ मध्ये अमेरिकेतील आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांची तुलना प्रसिद्ध झाली. दोघांचे पूर्वज मध्य युरोपातले, आनुवंशिक ठेवण बरीच सारखी, आहार आणि कुटुंबाचा आकारही मिळताजुळता. तरीही शाळकरी मुलांमधील दम्याचे प्रमाण आमिशांमध्ये सुमारे ५ टक्के आणि हटराइटांमध्ये सुमारे २१ टक्के होते. आमिशांचे गोठे घराला लागून असतात आणि त्यांची शेती जुन्या पद्धतीची आहे, तर हटराइटांची शेती यांत्रिक आणि घरापासून दूर. आमिशांच्या घरातील धुळीत जिवाणूंच्या कवचाचे अंश सुमारे सातपट आढळले, आणि त्या धुळीचा अर्क उंदरांच्या नाकात घातल्यावर त्यांना दम्यापासून संरक्षण मिळाले. या अभ्यासाचा दाखला आतड्याच्या संदर्भात सर्रास दिला जातो, पण त्यात परिणाम श्वासातून साधला होता हे विसरले जाते. सूक्ष्मजीवांचा सहवास आतड्यापुरता मर्यादित नसतो, त्वचा आणि श्वासमार्गही त्यात येतात. पुढे त्वचेचा मुद्दा येणार आहे, म्हणून हे ध्यानात ठेवा.

आतड्याबाबतचा थेट पुरावा हवा असेल तर दोन कामे पाहावीत. कॅनडात ३१९ बाळांच्या मलाच्या नमुन्यांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या बाळांना पुढे दम्याचा धोका अधिक दिसला, त्यांच्या तिसऱ्या महिन्यातील नमुन्यांत फिकॅलिबॅक्टेरियम, लॅक्नोस्पिरा, व्हिलोनेला आणि रोथिया हे चार गट कमी होते. मात्र तीच बाळे वर्षाची झाली तेव्हा हा फरक जवळजवळ पुसला गेला होता. दुसरे काम शिकागो विद्यापीठातील कॅथरीन नॅग्लर यांच्या गटाचे, २०१९ मधले. त्यांनी पूर्णपणे जिवाणूविरहित वाढवलेल्या उंदरांच्या आतड्यात काहींना निरोगी बाळांचे, तर काहींना गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या बाळांचे जिवाणू दिले. निरोगी बाळांचे जिवाणू मिळालेल्या उंदरांना दुधातील प्रथिनाने तीव्र प्रतिक्रिया आली नाही, दुसऱ्या गटाला आली. ॲनेरोस्टिप्स कॅके नावाच्या, ब्युटिरेट तयार करणाऱ्या एका जिवाणूनेसुद्धा बरेचसे संरक्षण दिले.

इतके वाचल्यावर कोणालाही वाटेल की मग औषध सापडलेच, तो जिवाणू कॅप्सूलमध्ये भरून द्यावा. इथेच थांबायला हवे. कॅनडातील निष्कर्षाचे मर्म असे की, जिवाणूंचा प्रभाव पहिल्या काही महिन्यांच्या कोवळ्या काळात सर्वांत अधिक असतो. रोगप्रतिकार यंत्रणा त्या काळात जे शिकते, ते नंतर जिवाणू बदलले म्हणून आपोआप विसरत नाही. तुमच्या मुलाच्या शरीरात अंड्यातील प्रथिनांविरुद्ध आयजीई तयार झाले असेल, तर आज त्याच्या आतड्यातील जिवाणू कितीही सुधारले तरी ते आयजीई लगेच नाहीसे होणार नाही. मूल घडताना ज्याचा उपयोग झाला असता, त्याचाच उपयोग घडून गेल्यावर औषध म्हणून होईल, असे गृहीत धरता येत नाही.

आता सिझेरियन आणि प्रतिजैविकांविषयी. प्रश्नात तुम्ही ते दोनदा लिहिले आहे, आणि माझ्यासमोर बसणाऱ्या आयाही हे दोनदा सांगतात, दुसऱ्यांदा आवाज खाली करून. सिझेरियनने जन्मलेल्या बाळांच्या आतड्यात सुरुवातीला बॅक्टेरॉइड्स हा गट फार कमी असतो आणि रुग्णालयातल्या वातावरणातील काही जिवाणू अधिक असतात, हे ब्रिटनमधील ५९६ बाळांच्या २०१९ मधील अभ्यासात स्पष्ट दिसले. पण डेन्मार्कमध्ये सुमारे ७०० मुलांचा पाठपुरावा करून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष मला अधिक मोलाचा वाटतो. सिझेरियनने जन्मलेल्या मुलांमध्ये दम्याचा धोका त्यांनाच वाढलेला आढळला, ज्यांच्या आतड्यात पहिल्या वाढदिवसापर्यंत सिझेरियनचा ठसा टिकून राहिला होता. ज्यांचे जिवाणू वर्षभरात वयानुरूप प्रगल्भ झाले, त्यांच्यात तसा वाढीव धोका दिसला नाही. म्हणजे सुरुवात कशी झाली यावर सारे ठरत नाही, पुढचे वर्षही मोजले जाते. आणि सिझेरियन ज्या कारणासाठी करावे लागले असेल, ते कारण जिवाणूंपेक्षा लहान नव्हते, हेही मनात असू द्या.

प्रतिजैविकांचे गणित थोडे अवघड आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात तान्ह्या बाळांना दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांचे प्रमाण २००० ते २०१४ या काळात घटले, आणि त्याच काळात एक ते चार वर्षे वयाच्या मुलांमधील नव्या दम्याचे प्रमाण सुमारे एक-चतुर्थांशाने उतरले. अमेरिकेतील ७ लाख ९२ हजार मुलांच्या नोंदींवर आधारलेल्या २०१८ मधील विश्लेषणात, पहिल्या सहा महिन्यांत प्रतिजैविके मिळालेल्या मुलांत दम्याची नोंद सुमारे दुप्पट आढळली. त्याच विश्लेषणात जठरातील आम्ल कमी करणारी औषधे मिळालेल्या बाळांत अन्नाच्या ॲलर्जीची नोंद दुपटीहून अधिक होती. हा दुसरा आकडा मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण दूध ओकणाऱ्या पण छान वाढणाऱ्या बाळांना ही औषधे विनाकारण दिली जाताना मी वारंवार पाहते. मात्र अशा नोंदींतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. ज्या बाळाची छाती पुन्हापुन्हा भरते त्याला प्रतिजैविक अधिक वेळा दिले जाते, आणि त्याच बाळाला पुढे दमा असल्याचे निदान होते. अशा वेळी औषधाने दमा झाला की दम्याच्या सुरुवातीमुळे औषध दिले गेले, हे वेगळे काढणे कठीण असते. नवजात बाळाला जंतुसंसर्गाची शंका असताना प्रतिजैविक न देणे हा जिवावरचा खेळ ठरू शकतो. तुमच्या मुलाच्या बाबतीत मी स्वतः असते तरी तेच केले असते.

तुमच्या प्रश्नात सर्वांत कमी जागा मिळालेली, पण मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे त्याचे इसब. घटनांचा क्रम पाहा. चौथ्या महिन्यात त्वचा बिघडली आणि नवव्या महिन्यात अंड्याची प्रतिक्रिया आली. हा क्रम योगायोगाचा नाही. लंडनमधील ॲलर्जीतज्ज्ञ गिडिओन लॅक यांनी मांडलेला विचार असा की, अन्नातील प्रथिनाची पहिली ओळख फाटलेल्या त्वचेतून झाली तर शरीर त्याला शत्रू मानते, आणि तोंडावाटे, आतड्यातून झाली तर ते खपवून घेते. अन्नाचे सूक्ष्म कण घरातल्या धुळीत, अंथरुणावर, आपल्या हातांवर असतातच. धडधाकट त्वचेतून ते आत शिरत नाहीत, पण इसबाने चिरलेल्या त्वचेतून शिरतात. काही मुलांत त्वचेचा बांध मुळातच कच्चा असतो. फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातील दोष हे त्याचे एक कारण, आणि त्याचा इसबाशी असलेला संबंध २००६ मध्ये उघड झाला. अशा मुलाच्या बाबतीत जिवाणूंना एकटे जबाबदार धरणे म्हणजे गळक्या छपराकडे न पाहता ओल्या जमिनीची चौकशी करण्यासारखे आहे.

याच विचाराची कसोटी लॅक यांच्या गटाने घेतली. इसब तीव्र असलेल्या किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या, ४ ते ११ महिने वयाच्या ६४० बाळांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक विभागणी केली. एका गटाला शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले आणि दुसऱ्या गटाला पाच वर्षांपर्यंत पूर्ण वर्ज्य केले. २०१५ मध्ये निकाल आला. वर्ज्य करणाऱ्या गटात शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे १७ टक्के मुलांना झाली, खाणाऱ्या गटात सुमारे ३ टक्क्यांना. ॲलर्जी टाळण्यासाठी अन्न टाळायचे, हा सल्ला आम्ही डॉक्टरांनीच वर्षानुवर्षे दिला होता आणि तो उलटा होता. जिवाणूंवर आजवर झालेल्या कुठल्याही उपचारप्रयोगाने इतका स्पष्ट आणि मोठा फरक दाखवलेला नाही, म्हणून माझ्या कामात अन्न वेळेवर सुरू करणे आणि त्वचा सांभाळणे यांना पहिला मान असतो.

आता त्या मलतपासणीकडे येऊ. मुलाचे जिवाणू रोजच्या आहाराने, एखाद्या सर्दीने, दात येताना बदललेल्या खाण्याने हलत असतात. पहिली तीन वर्षे तर ते सतत बदलतच असतात, आणि ‘सामान्य’ म्हणून ज्याच्याशी तुलना करावी असे सर्वमान्य प्रमाण या वयासाठी उपलब्ध नाही. शिवाय नमुना कसा साठवला, तपासणीची पद्धत कोणती, यावरही आकडे बदलतात. एकदा एका आईने तिच्या मुलीच्या एकाच दिवशी घेतलेल्या नमुन्याचे दोन अहवाल माझ्यासमोर ठेवले होते, दोन वेगळ्या ठिकाणी तपासलेले. एकात बिफिडोबॅक्टेरियम कमी म्हणून लाल रंग होता, दुसऱ्यात तेच पुरेसे म्हणून हिरवा. मला त्या अहवालांपेक्षा त्या आईने त्यांच्यावर घालवलेल्या रात्रींचे वाईट वाटले. अशा तपासणीवरून अन्नाच्या ॲलर्जीचे निदान होत नाही आणि कोणते अन्न बंद करावे हेही ठरत नाही. निदान होते ते मूल काय खाल्ल्यावर किती वेळात कसे वागले याच्या बारकाईने घेतलेल्या माहितीवरून, त्वचेवरील टोचून केलेल्या चाचणीवरून किंवा रक्तातील विशिष्ट आयजीईवरून, आणि शंका उरल्यास डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते अन्न खाऊ घालून. जाता जाता सांगते, रक्तातील आयजीजी हे दुसऱ्या प्रकारचे प्रतिपिंड मोजून शेकडो पदार्थांची यादी देणाऱ्या तपासण्याही याच कारणाने निरुपयोगी आहेत. आयजीजी असणे म्हणजे मुलाने ते अन्न खाल्ले आहे, एवढेच.

प्रोबायोटिकविषयी मी सुरुवातीला बरीच आशावादी होते. फिनलंडमध्ये ॲलर्जीचा कौटुंबिक इतिहास असलेल्या १५९ गर्भवतींवर झालेला प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रसूतीआधी काही आठवडे आणि नंतर सहा महिने लॅक्टोबॅसिलस जीजी हा प्रोबायोटिक जिवाणू दिल्यावर दुसऱ्या वर्षी इसबाचे प्रमाण ४६ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर आले होते. आम्ही सर्वजण हरखलो. पण जर्मनीत जवळजवळ तसाच प्रयोग पुन्हा केला, त्याचा निकाल २००८ मध्ये आला आणि दोन्ही गटांत काहीच फरक नव्हता. अमेरिकेत १८४ बाळांना पहिले सहा महिने तोच जिवाणू दिला गेला. २०१७ मधील त्याच्या निष्कर्षात दोन वर्षांचे इसब आणि पाच वर्षांचा दमा, दोन्हींत फरक आढळला नाही. झालेल्या इसबावर उपचार म्हणून प्रोबायोटिक किती उपयोगी, याचा ३९ प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेने घेतला आणि फारसा उपयोग दिसत नाही असे सांगितले. जागतिक ॲलर्जी संघटनेने २०१५ मध्ये, धोका अधिक असलेल्या कुटुंबांत इसब टाळण्यासाठी प्रोबायोटिकचा विचार करता येईल असे म्हटले खरे, पण पुरावा अत्यंत कमकुवत आहे हे त्याच वाक्यात नोंदवले. युरोपातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने अन्नाची ॲलर्जी टाळण्यासाठी त्यांची शिफारस केली नाही आणि विरोधही केला नाही.

तुमचा खरा प्रश्न झालेली ॲलर्जी घालवण्याचा आहे, म्हणून ऑस्ट्रेलियातील एक प्रयोग सांगते. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या २०१ मुलांपैकी काहींना शेंगदाण्याचे प्रथिन हळूहळू वाढवत दिले, काहींना त्यासोबत प्रोबायोटिकही दिले आणि काहींना निष्क्रिय पावडर. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात, उपचार थांबवल्यावरही सहनशीलता टिकलेली मुले प्रोबायोटिकसह ४६ टक्के, प्रोबायोटिकविना ५१ टक्के आणि निष्क्रिय पावडरच्या गटात ५ टक्के होती. जे काम झाले ते अन्नाच्या त्या चढत्या मात्रेने झाले, प्रोबायोटिकने त्यात मुख्य परिणामाची भर घातली नाही.

तेव्हा तुमच्या मुलाला प्रोबायोटिक देऊ नये का? चौदा महिन्यांच्या, अन्यथा सुदृढ मुलाला त्यापासून अपाय होण्याची शक्यता कमी आहे, आणि तुमच्या डॉक्टरांनी अन्य कारणाने ते लिहून दिले असेल तर मी हट्टाने बंद करायला सांगणार नाही. मात्र काही उत्पादनांत दुधाच्या प्रथिनांचे अंश असतात, म्हणून दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलांच्या पालकांनी वेष्टनावरील मजकूर वाचायला हवा. अकाली जन्मलेल्या किंवा प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या बाळांची गोष्ट पूर्ण वेगळी आहे. रुग्णालयात दाखल असलेल्या अकाली जन्मलेल्या बाळांत या जिवाणूंमुळे गंभीर संसर्ग होऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ मध्ये एका बाळाच्या मृत्यूनंतर दिला.

माझी खरी काळजी आहे ती दूध, गहू आणि शेंगदाणे बंद करण्याची. माझ्याकडे आलेल्या एका मुलाला इसब होते, पण दूध तो रोज पीत असे. कोणीतरी इसबासाठी दूध बंद करायला सांगितले. इसबात किंचित फरक पडला, तोही बहुधा त्याच सुमारास नियमित सुरू झालेल्या मलमाने. आठ महिन्यांनी आजोबांनी प्रेमाने दोन घोट दूध पाजले आणि त्या मुलाला श्वास लागला, ओठ सुजले, इस्पितळात न्यावे लागले. तो वाचला, पण जे दूध तो आधी सहज पीत होता त्याची तीव्र ॲलर्जी त्याला आम्ही मोठ्यांनी दिली होती. हा एकट्या त्याचा अनुभव नाही. अमेरिकेत अन्नामुळे वाढणारे इसब असलेल्या २९८ मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा अन्न वर्ज्य केल्यानंतर १९ टक्के मुलांत पूर्वी नसलेली तत्काळ प्रतिक्रिया आढळली. त्यांच्या रक्तात आयजीई आधीपासून असावे, पण रोजच्या खाण्याने शरीराने त्याला दाबून ठेवले होते. खाणे थांबले आणि तो तोल गेला. याखेरीज तीन मुख्य पदार्थ एकदम काढले की मुलाची वाढ आणि आहारातील विविधता दोन्ही घटतात, आणि आतड्यातील जिवाणूंना समृद्ध करणारी गोष्ट कोणती असेल तर ती आहारातील विविधताच. जिवाणू सुधारण्यासाठी आहार आक्रसवायचा, हा सल्ला स्वतःच्याच हेतूच्या विरोधात जातो.

मग आता करावे काय? इसबावर नीट उपचार करा. दिवसातून किमान दोनदा भरपूर वासरहित मलम किंवा क्रीम लावा, आणि लाल, खरखरीत जागांवर डॉक्टरांनी दिलेले स्टिरॉइडचे मलम सांगितलेल्या प्रमाणात, सांगितलेले दिवस लावा. स्टिरॉइडच्या भीतीने बोटाच्या टोकावर कणभर घेऊन चोळणारे पालक मी रोज पाहते. त्याने इसब बरे होत नाही आणि औषध मात्र महिनोन्‌महिने चालू राहते. मुलाला जवळ घेण्यापूर्वी, मलम लावण्यापूर्वी आपले हात धुवा, म्हणजे आपल्या हातांवरचे अन्नकण त्याच्या चिरलेल्या त्वचेत जाणार नाहीत.

अंड्याची प्रतिक्रिया किरकोळ समजू नका. त्वचेवर गांधी आणि त्याच वेळी उलटी, म्हणजे शरीराच्या दोन यंत्रणांनी प्रतिसाद दिला आहे. पुढच्या वेळी श्वास लागला तर काय करायचे, ॲड्रेनालिनचे इंजेक्शन घरी ठेवायचे का आणि ते केव्हा द्यायचे, याची लेखी योजना तुमच्या ॲलर्जीतज्ज्ञांकडून घ्या. त्यासोबत भाजलेल्या पदार्थातील अंडे त्याला चालते का, हे त्यांच्या देखरेखीखाली तपासता येईल का तेही विचारा. अंड्याची ॲलर्जी असलेल्या बहुसंख्य मुलांना दीर्घकाळ उष्णता मिळालेले अंडे सोसते, आणि ते नियमित खाता आले तर आहार मोकळा होतो. हा प्रयोग घरी करू नये. अंड्याची आणि दुधाची ॲलर्जी बरीच मुले वाढत्या वयात मागे टाकतात, त्यामुळे आज आलेला चाचणीचा आकडा कायमचा नाही. साधारण वर्षाने तपासणी पुन्हा करावी.

दुसऱ्या बाळाविषयी तुम्ही विचारलेत त्याचे उत्तर लांब नाही, कारण ज्यांचा पुरावा भक्कम आहे अशा गोष्टी मोजक्याच आहेत. गरोदरपणी ॲलर्जी टाळण्यासाठी आईने कोणतेही अन्न सोडू नये. स्तनपान शक्य असेल तर जरूर करावे, त्याचे लाभ अनेक आहेत, मात्र त्याने ॲलर्जी हमखास टळते असे मी सांगणार नाही, आणि ज्या आईला ते जमले नाही तिने स्वतःला दोष लावून घेऊ नये. प्रतिजैविक गरज असेल तेव्हा द्यावे आणि विषाणूजन्य सर्दी-खोकल्यात मागू नये. सिझेरियन झालेच, तर आईच्या योनिमार्गातील स्राव बाळाला पुसण्याची जी पद्धत चर्चेत आहे ती संशोधनाबाहेर करू नये, असे अमेरिकेतील स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये सांगितले, कारण त्यातून आईचे जंतुसंसर्ग बाळाकडे जाऊ शकतात. जन्मापासून सरसकट सर्व बाळांना मलम चोपडल्यानेही इसब टळत नाही, असे २०२० मधील दोन मोठ्या प्रयोगांत दिसले. पण इसब दिसू लागताच त्यावर उपचार करणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती लांबवू नये.

वरचे अन्न सुरू करण्याचे वय झाले, म्हणजे साधारण सहाव्या महिन्याच्या सुमारास आणि चार महिन्यांच्या आधी नाही, तेव्हा नीट शिजवलेले अंडे आणि गुळगुळीत वाटलेले शेंगदाणे इतर अन्नासोबत द्यायला लागावे, आणि एकदा दिले की आठवड्यातून काही वेळा देत राहावे. अख्खा शेंगदाणा पाच वर्षांखालील मुलाच्या श्वासनलिकेत अडकू शकतो, म्हणून तो कधीही देऊ नये. दुसऱ्या बाळालाही तीन-चार महिन्यांत इसब दिसू लागले आणि ते लवकर आटोक्यात आले नाही, तर मात्र पहिला घास भरवण्यापूर्वी त्याला तज्ज्ञांना दाखवा, चाचणी लागेल का ते विचारा, आणि ही भेट पुढे ढकलू नका, कारण त्या वयात दोन-तीन महिन्यांचा उशीरही पुष्कळ असतो.